विमानांतील नोकरी आणि संघटनेची सही

हेमलकशाहून आलेल्या एका पत्राचें उत्तर या खेपेस येथेंच द्यावें असें आम्हीं ठरविलें आहे. कारण पत्र एका घरचें असलें तरी प्रश्न पुष्कळ घरांतला आहे. पत्रकर्ते गृहस्थ नोकरीनिमित्त भामरागड तालुक्यांत राहतात. त्यांच्या मातोश्री, थोरले बंधू आणि वहिनी चंद्रपुरास वाडवडिलांच्या घरीं असतात. थोरले बंधू न्यायालयांत शिरस्तेदार होते, ते आतां सेवानिवृत्त आहेत. गृहस्थांची कन्या पदवीधर झाली, आणि एका विमान कंपनीनें तिची केबिन क्रू म्हणून, म्हणजे आपण ज्यांना हवाईसुंदरी म्हणतों त्या कामासाठीं, निवड केली. घरांत दोन तट पडले. मातोश्रींचें म्हणणें असें कीं, लग्न झालें कीं त्या मुलींना काढूनच टाकतात; मग दोन-तीन वर्षांच्या हौसेकरितां पोरीला एवढ्या दूर कशाला धाडायचें? थोरल्या बंधूंची हरकत निराळी. त्यांना नोकरी मान्य आहे. पण तेथल्या कामगार संघटनेंत मुलीनें नांव घालूं नये, संपाबिंपाच्या भानगडींत आपल्या घराण्याचें नांव येऊं नये, असा त्यांचा आग्रह आहे. पत्रकर्ते विचारतात, आईला काय सांगूं आणि दादाला काय सांगूं?

मातोश्रींचें म्हणणें ऐकीव नव्हे. त्यांच्या तरुणपणीं तसा नियमच होता, आणि तो छापील होता. म्हणून त्या नियमाची हकीगत प्रथम सांगतों. तीवरूनच थोरल्या बंधूंच्या प्रश्नाचेंहि उत्तर निघेल असें आम्हांस वाटतें.

हवाईसुंदरी हा शब्द ज्या कोणीं घडविला त्यानें या नोकरीचें दुखणें नकळत सांगून ठेवलें आहे. आगगाडीच्या गार्डाला कोणी रूळसुंदर म्हणत नाहीं, कीं गलबतावरच्या तांडेलाला जलसुंदर म्हणत नाहीं. मग विमानांतल्या स्त्रीच्याच कामाला रूपाचें बिरुद कां चिकटावें? मुळांत या कामाची सुरुवात रूपावरून झालेली नाहीं. अमेरिकेंत १५ मे १९३० रोजीं एलेन चर्च नांवाची बाई प्रवासी विमानांतील पहिली स्त्री-सेविका म्हणून चढली. ती पेशानें परिचारिका होती. तिला विमान चालवितां येत असे, आणि वैमानिक म्हणून घ्या असें विचारावयासच ती गेली होती. तें कंपनीनें मानलें नाहीं. तेव्हां निदान घाबरलेल्या प्रवाशांची शुश्रूषा करावयास परिचारिका ठेवा, अशी तोड तिनें काढली. तिच्यासह आठ जणी घेतल्या गेल्या. अटी अशा कीं, वय पंचविशीच्या आंत असावें, लग्न झालेलें नसावें, उंची पांच फूट चार इंचांहून अधिक नसावी आणि वजन ११५ पौंडांवर जाऊं नये. त्या वेळच्या विमानांचें छत ठेंगणें आणि वजनाचा हिशेब काटेकोर, तेव्हां उंची-वजनाची अट समजूं शकते. लग्नाच्या अटीचा छताशीं काय संबंध, हें मात्र समजण्याजोगें नाहीं. पुढें विमानें मोठीं झालीं, छतें उंच झालीं, पण ती अट तशीच राहिली. शिवाय तिला वयाची जोड मिळाली. १९५३ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें बत्तिसाव्या वर्षीं सेविकेचें उड्डाण संपावें असा नियम केला. हाच नमुना थोड्याफार फरकानें अनेक देशांच्या विमान कंपन्यांनीं उचलला.

हें काम चहाफराळाची तबकें फिरविण्याचें, असा समज आपल्या घरांतून आहे, आणि तो कंपन्यांच्या जाहिरातींनींच करून दिलेला आहे. वास्तविक ही मंडळी विमानांत असावी असा कायदा आहे तो तबकांसाठीं नव्हे. आपल्या देशांत पन्नास आसनांमागें किमान एक इतकी त्यांची संख्या ठेवावीच लागते. कारण आग लागली, चाक मोडलें, धूर भरला, तर दारें उघडून माणसें बाहेर काढणें हें त्यांचें खरें काम. निम्मीं दारें बंद असतांनाहि भरलेलें विमान नव्वद सेकंदांत रिकामें होतें, हें सिद्ध करून दाखविल्याशिवाय मोठ्या प्रवासी विमानाच्या नमुन्यास परवानाच मिळत नाहीं. ५ सप्टेंबर १९८६ रोजीं मुंबईहून निघालेलें पॅन अ‍ॅमचें विमान कराचीच्या विमानतळावर अतिरेक्यांनीं ताब्यांत घेतलें, तेव्हां नीरजा भनोट या मुंबईच्या मुलीनें वैमानिकांना वेळींच सावध केलें, आणि शेवटीं प्रवाशांना बाहेर काढतां काढतां गोळ्या झेलल्या. ती अवघी बावीस वर्षांची होती. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालें.

आतां आपल्याकडील नियम. जे. आर. डी. टाटा यांनीं १९३२ सालीं सुरू केलेली विमानसेवा १९४६ मध्यें एअर इंडिया या नांवानें चालूं लागली आणि १९५३ सालीं राष्ट्राच्या मालकीची झाली. तिच्या सेवानियमांत हवाईसुंदरीच्या निवृत्तीचे तीन मुहूर्त लिहिलेले होते: वयाचें पस्तिसावें वर्ष, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न झाल्यास तें लग्न, आणि पहिलें गर्भारपण. यांपैकीं जें आधीं येईल तें. व्यवस्थापकीय संचालकांच्या मनास आल्यास पस्तिशीनंतर एकेक वर्षाची मुदतवाढ, अशी पंचेचाळिशीपर्यंत मिळूं शके. त्याच विमानांत, त्याच गणवेशाच्या रंगांत, तेंच तबक धरणारा पुरुष मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नोकरींत राही. वाचकभगिनींनीं हें वाक्य पुन्हां एकदां वाचावें.

असा नियम फक्त विमानांतच होता असें नव्हे. मुंबईंतील एका औषध कंपनीच्या बांधणी खात्यांत, म्हणजे जेथें बाटल्या भरून डबे बंद करतात तेथें, स्त्रीचें लग्न झालें कीं तिची नोकरी आपोआप संपत असे. बॉम्बे लेबर युनियन या संघटनेनें तो प्रश्न साठच्या दशकांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. कंपनीचें म्हणणें असें कीं, या खात्यांत चार-पांच जणींचे गट मिळून काम करतात, आणि लग्न झालेल्या बायका फार खाडे करतात. न्यायालयानें तें मानलें नाहीं. विधवा बाई त्याच खात्यांत कामाला चालते, आणि तिच्याहि पदरीं लेंकरें असूं शकतात. मग सवाष्णीनेंच काय घोडें मारलें आहे, असा त्या निकालाचा सरळ अर्थ होता. नियम रद्द झाला. डबे बांधणाऱ्या बायकांच्या अंगावरचें हें जोखड विमानांतल्या शिकल्यासवरल्या, इंग्रजी बोलणाऱ्या मुलींच्या आधीं उतरलें, याचें कारण त्यांच्या पाठीशीं संघटना होती आणि ती संघटना त्याच प्रश्नावर लढली.

विमानांतल्या मुलींची पाळी पुढें आली. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी भगिनींनीं एअर इंडियाविरुद्ध मुंबईच्या उच्च न्यायालयांत दाद मागितली. तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झालें, आणि २८ ऑगस्ट १९८१ रोजीं न्यायमूर्ति फजल अली यांच्या पीठानें निकाल दिला. या निकालाची कीर्ति मोठी आहे, आणि ती अर्धी खरी आहे. पहिल्या गर्भारपणीं नोकरीवरून काढण्याचें कलम न्यायालयानें कठोर शब्दांत रद्द केलें. तो भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे असें सांगितलें. मुदतवाढ संचालकांच्या मर्जीवर ठेवणारा अधिकारहि मनमानीचा म्हणून काढून टाकला. परंतु चार वर्षें लग्न न करण्याची अट न्यायालयानें कायम ठेवली! एकोणिसाव्या वर्षीं मुलगी नोकरीस लागली तर तेविसाव्या वर्षीं तिचें लग्न होईल. त्यांत तिच्या प्रकृतीचें हित आहे, कुटुंबनियोजनास मदत आहे, आणि कंपनीचा शिक्षणावरचा खर्चहि वायां जात नाहीं, असें कारण दिलें. मुलीचें लग्न केव्हां व्हावें हें ठरवूं पाहणारीं वडीलधारीं माणसें आपल्या प्रत्येक घरांत असतातच. येथें विमान कंपनीहि अक्षता घेऊन मांडवांत येऊन बसली. आणखी एक गंमत. पहिल्याऐवजीं तिसऱ्या गर्भारपणीं निवृत्त करावें अशी दुरुस्ती पुढें आली होती, ती लोकसंख्येच्या दृष्टीनें न्यायालयास योग्य वाटली. चौथ्या अपत्याच्या बापास निवृत्त करावें, अशी सूचना कोणीं केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

पत्र हेमलकशाचें आहे म्हणून येथें एक गोष्ट सहज मनांत येते. मुंबईंत हा नियम छापील होता त्याच काळीं, डिसेंबर १९७३ मध्यें, बाबा आमटे यांनीं हेमलकशाच्या अरण्यांत लोकबिरादरी प्रकल्पाची मुहूर्तमेढ रोवली, आणि डॉ. प्रकाश आमटे यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी आमटे तेथें राहूं लागल्या. रस्ता नाहीं, वीज नाहीं, माडिया बांधवांची भाषा अजून शिकावयाची. अशा ठिकाणीं एक विवाहित स्त्री रोग्यांवर उपचार करीत होती, तेथेंच तिचा संसार झाला आणि तेथेंच मुलें वाढलीं. २००८ सालीं मॅगसेसे पुरस्कार दिला गेला तो या दोघांना मिळून. लग्नानें आणि लेंकरांनीं बाईच्या हातचें काम उणें होतें, हें ज्यांना कागदावर सिद्ध करावयाचें होतें त्यांच्यासाठीं इतकें उदाहरण पुरे. पत्रकर्त्यांच्या मातोश्री मुलाकडे जात असतील तेव्हां त्यांनीं हें डोळ्यांनींच पाहिलें असेल.

तेव्हां आईंना सांगावयाचें तें असें. त्यांना आठवतो तो नियम आतां राहिलेला नाहीं. १९८९ सालीं सरकारनें हवाईसुंदरींचें निवृत्तीचें वय पुरुषांप्रमाणें ५८ करण्याचा आदेश दिला. बाळंतपणाची सवेतन रजा २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठीं २६ आठवड्यांची आहे. आधींच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलें असलें कीं ती मिळते, आणि त्या रजेंत कामावरून काढणें बेकायदा आहे. नोकरभरतीच्या जाहिरातींत ‘अविवाहित’ हा शब्द पुढेंहि वर्षानुवर्षें दिसत राहिला, हें खरें. पण भरतीच्या वेळची अट निराळी आणि लग्न केलें म्हणून घरीं पाठविणें निराळें. आजींची नात मनांत आणील तर हेंच काम करीत आजीहि होऊं शकेल.

थोरल्या बंधूंना सांगावयाचें याहून नाजूक आहे. ते न्यायालयांत वागलेले असल्यामुळें त्यांना कागदाची भाषा कळते; म्हणून १९८१ च्या निकालांतील ज्या भागाकडे सहसा कोणी पाहत नाहीं त्याकडे त्यांचें लक्ष वेधतों. हवाईसुंदरींच्या वयाचा व अटींचा प्रश्न त्यापूर्वींच दोन लवादांपुढें येऊन गेला होता. १९६५ चा खोसला निवाडा आणि १९७२ चा महेश निवाडा. तेथें कर्मचाऱ्यांच्या वतीनें संघटना उभी होती, आणि तेथें जें ठरलें तें उभयपक्षीं मान्य झालेलें म्हणून धरलें गेलें. मुली स्वतः सर्वोच्च न्यायालयांत गेल्या तेव्हां कंपनीनें तेच निवाडे पुढें केले आणि न्यायालयानें त्यांना वजन दिलें. आपल्या वतीनें कोणीं काय कबूल केलें आहे, हें त्या मुलींपैकीं कितीजणींना नोकरी धरतांना ठाऊक असेल? पण तें त्यांच्या अंगावर आलें खरें.

दुसऱ्यांदां हाच प्रकार अधिक उघडपणें घडला. ५८ वर्षांचा आदेश निघाला तरी एअर इंडियांत हवाईसुंदरीस उडूं देत तें प्रथम पंचेचाळिसाव्या आणि पुढें पन्नासाव्या वर्षापर्यंतच. त्यानंतर जमिनीवरचें काम. पुरुष मात्र अठ्ठावन्नापर्यंत उडे. उड्डाणाचा भत्ता गेला कीं मिळकतींत केवढा खड्डा पडतो, हें घर चालविणाऱ्यांस सांगावयास नको. ज्येष्ठ हवाईसुंदरींनीं यावर दाद मागितली आणि २००१ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. आतां त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत अपील कोणीं करावें? कंपनी गेलीच; पण तिच्याबरोबर एअर इंडिया केबिन क्रू असोसिएशन ही कर्मचाऱ्यांची मोठी संघटनाहि गेली. तींत पुरुष होते तशा तरुण मुलीहि पुष्कळ होत्या. पन्नाशीनंतर जमिनीवर उतरण्याची सोय त्यांना सवलत वाटत होती, आणि तसे करार त्यांनीं केलेले होते. ११ जुलै २००३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें संघटनेचें म्हणणें मान्य केलें: जें करारानें ठरलें आहे व ज्यांत बहुसंख्यांना सोय वाटते तो पक्षपात नव्हे. खटल्याच्या नांवांतच एका बाजूस संघटना आणि दुसऱ्या बाजूस एक हवाईसुंदरी आहे. जिंकलेल्या बायका आपल्याच संघटनेकडून हरल्या. पुढें सरकारनें स्त्रियांनाहि अठ्ठावन्नापर्यंत उडण्याची मोकळीक दिली, म्हणून ही जखम भरली. पण ती सरकारच्या हातून, न्यायालयाच्या नव्हे.

याच घरांतला तिसरा तंटा थोडक्यांत सांगतों. विमानांतील सेवकवर्गाचा मुख्य हा पुरुषच असावा अशी रीत होती. डिसेंबर २००५ मध्यें कंपनीनें ती जागा स्त्रियांस खुली केली, तेव्हां पुरुष कर्मचारी न्यायालयांत गेले. करारानें आमची जागा आमचीच आहे, हें त्यांचें म्हणणें. दिल्ली उच्च न्यायालयानें आणि मग नोव्हेंबर २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें फेटाळलें.

थोरल्या बंधूंची भीति आम्हांस कळते. संघटना म्हटली कीं घोषणा, बंद दारें आणि दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांतील छायाचित्रें डोळ्यांपुढें येतात. मे २०२४ मध्यें एअर इंडिया एक्सप्रेस या कंपनींत दोनशेंहून अधिक केबिन कर्मचारी एकाच वेळीं आजारी पडले. एवढ्या माणसांना एकाच रात्रीं ताप यावा हा योगायोग कोणत्याहि वैद्यास पटणार नाहीं. दिवसाकाठीं ऐंशींच्या वर उड्डाणें रद्द झालीं, आणि सुट्टीवरून परतणारे, उपचारांस निघालेले, परदेशांत हजर व्हावयाचे असे किती तरी लोक विमानतळांवर खोळंबले. ही रीत आम्हांस पसंत नाहीं, आणि ती पसंत आहे असें भासविण्याची गरजहि वाटत नाहीं. परंतु त्या भांडणाच्या मुळाशीं दोन कंपन्यांच्या विलीनीकरणांत पगाराची व वागणुकीची घडी विस्कटली ही तक्रार होती, आणि ती आधीं रीतसर मांडून झालेली होती. कंपनीनें पंचवीस जणांना एकदम काढून टाकलें. ९ मे रोजीं दिल्लींत मुख्य श्रम आयुक्तांसमोर संघटनेची आणि कंपनीची बैठक झाली, आणि त्या पंचवीस जणांना परत घेण्याचें ठरलें. त्यांपैकीं एखादी आपली मुलगी असती, तर त्या बैठकींत तिच्या बाजूनें बसावयास कोणी असावें असें थोरल्या बंधूंना वाटलें असतें कीं नाहीं?

आतां तर जुना मार्गहि पूर्वींसारखा राहिलेला नाहीं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तींत संपाची नोटीस चौदा दिवस आधीं द्यावी लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनीं ठरवून एकाच दिवशीं किरकोळ रजा घेतली तर तो संपच धरला जातो. त्याच संहितेंत असेंहि आहे कीं, ज्या संघटनेपाशीं आस्थापनेंतील ५१ टक्के कामगार असतील तीच मालकाशीं बोलणी करणारी एकमेव संघटना. याचा घरगुती अर्थ असा: मुलगी सभासद असो वा नसो, तिच्या कामाच्या तासांवर, तिच्या खोलीवर आणि तिच्या भत्त्यांवर सही होणार ती त्याच संघटनेची. नांव न घातल्यानें ती सही चुकत नाहीं. फक्त सही करणाऱ्यांस विचारण्याचा हक्क जातो.

खोलीचा उल्लेख केला तो मुद्दाम. परगांवीं रात्र काढावी लागते तेव्हां प्रत्येकीस हॉटेलांत स्वतंत्र खोली, ही एअर इंडियांत जुनी वहिवाट. २०२४ च्या अखेरीस कंपनीनें बहुतेकांनीं दोघांत एक खोली घ्यावी असें ठरविलें, तेव्हां ऑल इंडिया केबिन क्रू असोसिएशननें जुन्या करारांचा व निवाड्यांचा हवाला देऊन हरकत घेतली. कोणी म्हणेल, आपल्या घरांत चार मुली एका खोलींत वाढल्या, त्यांत काय बिघडलें? पण रात्रभर उभें राहून पहाटे उतरलेल्या आणि सायंकाळीं पुन्हां चढावयाच्या बाईची झोप ही प्रवाशांच्या सुरक्षिततेचा भाग आहे; आणि दोघींची झोपेची वेळ एक असेलच असें नाहीं.

दुसरा प्रश्न जमिनीवरच्या वेळेचा. कित्येक देशांत या मंडळींचा पगार विमान हलल्यापासून मोजतात. प्रवासी आंत घेणें, सामान बसविणें, दारें तपासणें, उशीर झाल्यास तीन तीन तास वैतागलेल्या माणसांची समजूत काढणें, हें सारें फुकट. या मुद्द्यासाठींहि एअर कॅनडाचे दहा हजारांवर कर्मचारी १६ ऑगस्ट २०२५ रोजीं संपावर गेले. सरकारनें कामावर परतण्याचा हुकूम काढला. त्यांनीं तो मानला नाहीं. १९ तारखेस समझोता झाला आणि जमिनीवरच्या वेळेस मोबदला देण्याचें तत्त्व त्यांत आलें. आपल्या सुना भल्या पहाटे उठून जी पूर्वतयारी करतात तिची गणती घरकामांत कोणी करीत नाहीं. त्यामुळें हा वाद आपल्या वाचकभगिनींस चटकन समजेल.

आतां पत्रकर्त्यांच्या कन्येसाठीं कांहीं सूचना. सही करण्यापूर्वीं नेमणूक कायम आहे कीं ठराविक मुदतीची, हें पाहावें. मुदतीची असल्यास ती संपल्यावर काय, हें लेखी विचारावें. शिक्षणाचा खर्च कोणाचा, आणि मध्येंच नोकरी सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, हा आंकडा वडिलांनीं स्वतः वाचावा. जेथें मुलीच्या सहीखालीं वडिलांचीहि सही मागतात तेथें तर अवश्य. पगारांतील बांधील भाग किती व उड्डाणाच्या तासांवर अवलंबून किती, हें निराळें काढावें, कारण आजारपणाच्या महिन्यांत फक्त पहिला भाग हातीं येतो. गर्भारपणीं उडतां येत नाहीं. त्या महिन्यांत जमिनीवरचें काम देतात कीं बिनपगारी घरीं बसवितात, हें विचारण्यास लग्न ठरेपर्यंत थांबूं नये. वजनाचे नियमहि पाहावेत. २००८ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें ते कंपनीच्या बाजूनें उचलून धरले आहेत. रजेचा अर्ज किती दिवस आधीं द्यावा लागतो, हें विशेषतः तिनें टिपून ठेवावें. पावसाळ्यांत नदीनाल्यांस पूर आला कीं भामरागडचा रस्ता दिवस दिवस बंद राहतो, आणि नागपूरचा विमानतळ तेथून तीनशें किलोमीटरांहून दूर. दोन दिवसांच्या रजेंत घरीं येऊन परत जाणें श्रावणांत जमेलच असें नाहीं. गणपतीस येणें असेल तर तिनें अर्ज ज्येष्ठांतच टाकलेला बरा.

आणि संघटना. कंपनींत एक आहे कीं दोन, सभासद कोणीकडे अधिक, कार्यकारिणींत स्त्रिया किती, आणि तिनें शेवटचा करार केव्हां केला, एवढें मुलीनें पहिल्या महिन्यांत विचारून घ्यावें. त्या कराराची प्रत मागावी. ती हातीं आली कीं चंद्रपुरास थोरल्या काकांकडे पाठवावी. उभी हयात ज्यांनीं दुसऱ्यांचे कागद तपासले त्यांनीं पुतणीचा कागद कलमवार वाचून, समासांत आपल्या शंका लिहून, तिला उलट टपालीं धाडावा.